दाब, धर, सोड

"ऐकलंस?" काका म्हणाले.

काकूंनी ऐकलं होतं. लेकीची गाडी आवारातल्या आवारात मागे घेताना मागच्या चाकातून किर्र असा बारीक आवाज आला होता, फार दिवस न उघडलेलं कपाट उघडताना यावा तसा. काकांनी गाडी पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. पुन्हा किर्र. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दुसऱ्याच्या यंत्रात बिघाड सापडला की काका असे उजळत.

"ब्रेकचे पॅड गेले," ते म्हणाले. "मी परवाच म्हटलं होतं."

परवा ते असलं काहीही म्हणाले नव्हते. परवा लेक गाडी आणि पोर दोन्ही त्यांच्या हवाली करून ऑफिसच्या कामाला परगावी गेली, तेव्हा बोलली होती ती लेकच. गाडी उभीच राहू दे, कुठे जायचं झालं तर टॅक्सी करा, शनिवारी दुपारी मी येईन आणि चिमणीला घेऊन तशीच घाटापलीकडे सासरी जाईन. 'बाबा, चालवू नका' असं ती म्हणाली नव्हती. आईवडिलांशी बोलताना काही शब्द ती अलीकडे टाळायची, आणि ते टाळलेले शब्दच काकूंना जास्त ऐकू यायचे. काकांनी मात्र 'उभी राहू दे'चा अर्थ 'सावलीत उभी राहू दे' असा लावला होता आणि आज, शनिवारी, सकाळपासून ते सावलीच्या मागे गाडी हलवत होते.

यात एक मेख होती. पुढच्या महिन्यापासून लेकीची नवी नोकरी सुरू होणार होती. चिमणीला शाळेतून आणायचं, पोहायला न्यायचं, कुणी? काकांनी ते काम मागून घेतलं होतं. लेकीने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. "बघू, नवी गाडी तुम्हाला जमते का," एवढंच ती म्हणाली होती. त्या 'बघू'च्या आधारावर काका रोज सकाळी दाढी करून तयार बसत होते.

काका पूर्वी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर इंजिनिअर होते. खिशात कायम पाना, म्हणून आवारात सगळे त्यांना पानाकाका म्हणत. त्यांची स्वतःची जुनी गाडी गेल्या वर्षी विकावी लागली. तिला घरात थोरली म्हणायचे आणि लेकीची नवी आली तेव्हा ती आपोआप धाकटी झाली. थोरलीचं अंगन् अंग काकांनी स्वतः खोललं होतं. तिला कधी गॅरेजचं तोंड दाखवलं नाही. आणि थोरलीचे ब्रेक म्हटले की त्यात निम्मा वाटा काकूंचा होता.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती बाहेर काढायला दोन माणसं लागतात. एकाने ड्रायव्हरच्या जागी बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून नट उघडायचा. काका चाकाआडून म्हणायचे, "दाब." काकू पेडल तळाशी न्यायच्या. "धर." त्या पाय रोवून धरायच्या, तिकडे नटातून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे फसफसत बाहेर पडायचे, काका नट आवळायचे. "सोड." मग पुन्हा पहिल्यापासून, पेडल दगडासारखं कडक लागेपर्यंत. दाब, धर, सोड. संसाराची कितीतरी वर्षं या तीन शब्दांवर गेली. काकू मांडीवर भाजी घेऊन बसायच्या आणि पाय कामाला लावून हातांनी शेंगा सोलायच्या. काका चाकाशी अडकलेले असल्यामुळे उठून जाऊ शकत नसत, म्हणून घरातले सगळे नाजूक विषय काकूंनी तिथेच काढले. लेकीने स्वतः पसंत केलेला मुलगा काकांनी मान्य केला तो मागच्या डाव्या चाकापाशी. "धर" म्हणाले, मग नटावर पाना तसाच धरून म्हणाले, "बरं, होऊ दे तिच्या मनासारखं." त्या भरात 'सोड' म्हणायचं राहून गेलं आणि काकू कितीतरी वेळ पेडल दाबून, डोळे पुसत बसल्या होत्या.

इतकी वर्षं ड्रायव्हरच्या जागी बसून काकूंनी गाडी मात्र वीतभरही चालवली नव्हती. ते कुणाला सुचलंच नाही, त्यांनाही नाही.

म्हणून काका जेव्हा म्हणाले, "तुला बसावं लागेल गं जरा," तेव्हा काकूंनी खरं तर त्यांना अडवायला हवं होतं. त्यांनी चिमणीला तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या नातीकडे खेळायला पाठवलं आणि शेंगांची परडी काढली. पुढे जे झालं त्यात आपण ओढले गेलो असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. त्यांना आनंद झाला होता.

काकांनी खात्याची जुनी निळी डांगरी अंगावर चढवली. गळ्यापासून घोट्यापर्यंत अख्खी एकसंध, पुढे बटणं. उकडतं म्हणून आत बनियन आणि चट्ट्यापट्ट्यांची चड्डी, एवढंच. नवे पॅड आणले, जॅक लावला, मागचं चाक काढलं. तेवढ्यात लेकीचा फोन आला; हात काळे म्हणून काकांनी तो स्पीकरवर घेतला. सगळं ठीक आहे ना, तिने विचारलं. काका म्हणाले, एकदम ठीक, गाडी पुसतोय जरा.

"पुसताय," लेक म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बरं."

ते थांबणं काकूंना आवडलं नाही.

धाकटी ही थोरलीपेक्षा वेगळ्या वळणाची निघाली. तिच्या चाकामागे एक चकती होती आणि चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी चिमटा. चिमट्यातला पिस्टन मागे ढकलल्याशिवाय नवे पॅड बसणार नव्हते. थोरलीचा पिस्टन अंगठ्याने ढकलला की निमूट आत जायचा. हा जागचा हलेना. काकांनी शिकंजा लावून आवळला, हलला नाही. थोडी हवा असेल म्हणून नट उघडला, बरंचसं ब्रेकचं तेल फरशीवर गेलं, पिस्टन तसाच. शेवटी काढलेले पॅड त्यांनी उन्हात नेऊन नीट पाहिले आणि मग पुन्हा पाहिले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"हे नवेच आहेत," काका हळू आवाजात म्हणाले.

मग तो आवाज कसला होता? काका थोडा वेळ डांगरीच्या बटणाशी खेळत राहिले. रात्रभर दव पडतं, म्हणाले, उघड्या चकतीवर गंजाचा पातळ पापुद्रा धरतो, पहिल्या फेरीला जरा कुरकुरते. रस्त्यावर दोनदा जोरात ब्रेक मारला की जातो. म्हणजे काही झालंच नव्हतं. काकू म्हणाल्या, मग होतं तसं लावून टाका आणि वर चला. हे त्या दिवसातलं एकमेव शहाणपणाचं वाक्य होतं आणि काकांनी ते मानलंही. जुने, म्हणजे नवेच, पॅड त्यांनी परत बसवले, चिमटा चकतीवर चढवला, आणि नीट बसलाय का हे बघायला हात आत घातला. तोपर्यंत काकूंना म्हणाले, "तू जा, चहा टाक. आल्यावर दाब-धर-सोड करू."

काकू आत बसल्या होत्या. गाडीची किल्ली त्यांच्या झग्याच्या खिशात होती, त्यामुळे गाडी जागी होती आणि पडद्यावर कसलेसे दिवे मिणमिणत होते. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लग्नानंतर पहिल्यांदा थोरलीत बसवताना काकांनी काकूंना एकच शिस्त लावली होती. गाडीतून उतरण्याआधी हातब्रेक ओढायचा. घर जळत असलं तरी आधी हातब्रेक. काकूंनी ती कधी मोडली नाही. त्यांनी डाव्या हाताने दांडा चाचपला. दांडा नव्हता. दांड्याच्या जागी एक एवढंसं बटण होतं. हेच ते असणार, असं मनाशी म्हणून काकूंनी ते इमानेइतबारे वर ओढलं.

मागून गुंss असा आवाज झाला, आणि त्यामागून काकांचा, अगदी साधा, जवळजवळ गप्पा मारल्यासारखा आवाज आला.

"अगं, मी अडकलो."

काकू धावल्या. काका चाकापाशी उकिडवे बसले होते, उजवा हात गाडीच्या पोटात. धाकटीचा हातब्रेक दोरीने ओढला जात नव्हता. तिथे मोटर होती, आणि त्या मोटरने चिमटा कचकन आवळून डांगरीची बाही पॅड आणि चकती यांच्यामध्ये दाबून धरली होती. बाहीच फक्त. बोटं बाहेर होती, काळीकुट्ट, पाचच्या पाच. काकूंनी ती एकेक करून पाहिली.

"ते बटण परत दाब," काका म्हणाले.

काकूंनी दाबलं. गाडीने टिंग असा सभ्य आवाज केला, पडद्यावर एक ओळ उमटली आणि चिमटा तसाच राहिला. काकांनी विचारलं, काय लिहिलंय? काकू म्हणाल्या, वाचता येत नाही, चष्मा तुमच्या डोळ्यांवर आहे. तो खरंच त्यांच्याच डोळ्यांवर होता. स्वतःचा वर राहिला म्हणून सकाळीच त्यांनी काकूंचा घेतला होता. काकू चष्मा घ्यायला वळल्या आणि तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडून दातांचे डॉक्टर बाहेर आले.

अशा वेळी माणूस ओरडून मदत मागेल असं कुणालाही वाटेल. काकांनी डावा हात गुडघ्यावर टेकवला, मान जराशी कलती केली आणि झाडाखाली विसावलेल्या माणसासारखा चेहरा केला. "या डॉक्टर," ते म्हणाले. "जरा बसलो होतो." काकूंना वाटलं, आता हे जातील. डॉक्टरांनी समोरच्या कट्ट्यावर बैठक मारली.

हवेचा विषय निघाला. पाण्याच्या टाकीचा निघाला. काका सगळ्यात हिरिरीने भाग घेत होते, फक्त एका हाताने. टाकीची उंची दाखवताना दुसरा हात आपोआप उचलला गेला आणि डांगरी टर्र करून ताणली. डॉक्टरांनी सुचवलं, वर खुर्चीत बसू या का? काका म्हणाले, नको, पाठीला अशी बैठक बरी असते. डांगरीतून बाहेर येणं हा एक मार्ग होता, पण मग चट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत आवार ओलांडून जिने चढावे लागले असते, आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला बायका यायची वेळ झाली होती. काकू शेंगांची परडी पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांना लग्नात कधी वाटली नसेल इतकी लाज वाटत होती, आणि ती आपल्या नवऱ्याची नव्हती, त्या बटणाची होती.

बऱ्याच वेळाने डॉक्टर उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "काका, बाही कापायला कात्री देऊ का? माझ्याकडे सगळ्या मापांच्या आहेत."

काकांनी खाली पाहिलं. "कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"आल्याआल्याच. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

डॉक्टरांनी दवाखान्यातली कात्री आणली आणि कोपरापासून खाली डांगरीची बाही सफाईने कापली. सवयीने "दुखलं नाही ना?" असंही विचारलं. हे कुणाला सांगणार नाही ना, असं काकूंनी म्हटल्यावर ते म्हणाले की दुसऱ्यांची तोंडं उघडायची आणि आपलं बंद ठेवायचं, हाच त्यांचा धंदा आहे. ते गेल्यावर काकूंनी चष्मा लावून पडद्यावरची ओळ वाचली. 'ब्रेकचं पेडल दाबून ठेवा आणि मग बटण दाबा.' त्यांनी तसं केलं. गुंss. बाहीचा तुकडा टपकन खाली पडला.

काकूंनी तो उचलला. जिथे पॅडने धरला होता तिथे कापड इस्त्री केल्यासारखं, नव्हे, कागदासारखं चपटं झालं होतं, दोऱ्यांचे पीळ तुटून. त्या चपट्या डागापासून काकांची बोटं किती लांब होती? काकूंनी तुकडा घडी करून किल्लीच्या खिशात ठेवला आणि काकांना काही बोलल्या नाहीत.

यानंतर चाक चढवून नुसतं तेल भरायचं आणि हवा काढायची राहिली होती, म्हणजे त्यांच्या हातखंड्याचं काम. "दाब," काका म्हणाले. अर्ध्या बाहीचा हात, पण आवाज तोच. "धर. सोड." काकूंनी दाबलं, धरलं, सोडलं. पुन्हा. पुन्हा. थोरलीच्या वेळी शेंगा संपायच्या आत पेडल कडक व्हायचं. इथे परडी रिकामी झाली तरी पेडल ओल्या उशीसारखं खाली जात राहिलं.

"मऊ लागतंय," काकू म्हणाल्या.

"नव्या गाड्यांचं मऊच असतं."

"परवा ती गेली तेव्हा तुम्ही मला बसवलं होतंत. तेव्हा असं नव्हतं."

काका म्हणाले, पायाला काय कळतं. असं ते कधी म्हणाले नव्हते. उलट आजवर काकूंचा पाय 'झालं' म्हणेपर्यंत ते नट आवळत नसत. पडद्यावर एक पिवळा दिवा लागला होता, त्याच्या शेजारी आता तांबडा लागला. काकूंनी ते सांगितलं. काका म्हणाले, हिला उठसूट दिवे लावायची खोडच आहे, जरा फिरवली की जातील.

त्यांनी ती फिरवली. आवाराला गेटाकडे थोडा उतार आहे. काकांनी ब्रेक दाबला, पेडल तळाला गेलं आणि धाकटी जशी चालली होती तशी, अजिबात घाई न करता, डॉक्टरांच्या गुलाबाच्या कुंड्यांवर गेली. काकांनी ते बटण ओढलं तेव्हा थांबली. दोन कुंड्या फुटल्या. काका बराच वेळ खाली उतरले नाहीत. उतरले तेव्हा त्यांचा रंग उडाला होता.

"कॉम्प्युटरने काढावी लागत असेल हवा," ते म्हणाले. "आत कुठेतरी अडकली आहे. माझ्याच्याने नाही निघणार."

आता सांगू या तिला, काकू म्हणाल्या. काका इकडेतिकडे बघत म्हणाले की आज तिला कळलं तर ती चिमणीला आपल्याबरोबर कधी सोडणार नाही. एक रात्र मिळाली तर ते गॅरेजवाल्याला आणतील, गाडी ठीक होईल, कुणाला काही कळायचं कारण नाही. नुसती आजची रात्र हवी होती. आणि टायरच पंक्चर असेल तर ती कशी जाईल?

काकूंनी 'नाही' म्हणायला हवं होतं. त्यांनी केसातला आकडा काढून दिला. टायरच्या तोंडात तो टोचून काका हवा सोडत होते आणि काकू उभ्या राहून गच्चीकडे लक्ष ठेवत होत्या, परीक्षेत कॉपी पुरवणाऱ्या पोरीसारख्या. मधेच लेकीचा फोन आला. आई, काय चाललंय, तिने विचारलं. काकू म्हणाल्या, काही नाही गं, शेंगा सोलतेय. टायर मागे फुसफुसत होता.

लेक आली ती टॅक्सीने, दमलेली. तिने फुटक्या कुंड्यांकडे पाहिलं, बापाच्या आखूड बाहीकडे पाहिलं, बसलेल्या टायरकडे पाहिलं आणि कशाचंच आश्चर्य दाखवलं नाही. "पंक्चर वाटतं," काका म्हणाले. हवाच कमी आहे नुसती, असं म्हणून लेकीने गाडीचा मागचा दरवाजा उघडला, आतून हवा भरायचं एक छोटं यंत्र काढलं आणि टायरला जोडलं. धाकटीच्या पोटात असलं काही असेल हे दोघांच्या गावीही नव्हतं. यंत्र गुरगुरत होतं आणि टायर हळूहळू अंग सावरत उठत होता. काकूंना तो फुगताना बघवेना.

मग त्या जेवून जा म्हणाल्या. उशीर होईल, लेक म्हणाली. घाटात संध्याकाळी धुकं असतं, सकाळी जा. सासूबाई वाट बघतायत, लेक म्हणाली. चिमणीचं अंग मला जरा गरम लागतंय. चिमणी तेवढ्यात डॉक्टरांच्या घरातून उड्या मारत आली, मागच्या सीटवर चढली, आणि आजीकडे बघून तिने स्वतःच पट्टा खट्‌कन लावला. लेक ड्रायव्हरच्या जागी बसली. तिने आरसा नीट केला. पुन्हा नीट केला. काच खाली घेतली. इतका वेळ ती कधी लावत नसे.

काका पुढे झाले. खिडकीत वाकले. काकूंना वाटलं, आता सांगतील.

"घाटात जरा हळू जा," काका म्हणाले.

हे वाक्य काकूंच्या कानात शिरलं आणि खाली कुठेतरी जाऊन आपटलं. इतकी वर्षं त्यांनी या माणसाच्या शब्दावर पाय दाबला होता आणि त्याच्या शब्दावर उचलला होता. काकूंनी काकांचा दंड धरून त्यांना खिडकीतून बाजूला केलं. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं आणि ते इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"उतर," त्या लेकीला म्हणाल्या. "आणि पोरीला उतरव. या गाडीला ब्रेक नाहीत."

मग त्यांनी खिशातून तो निळा तुकडा काढून बॉनेटवर ठेवला आणि सगळं सांगितलं. आवाज, नवे पॅड, बटण, बाही, मऊ पेडल, कुंड्या. टायरशी आल्यावर त्या अडखळल्या, पण आकडा आपलाच होता हेही सांगितलं. बोलता बोलता त्यांचं लक्ष गेलं की लेक मध्येच एकदाही 'काय' म्हणाली नव्हती.

लेकीने फोन काढून समोर धरला. गाडीने दिवसभर तिला निरोप पाठवले होते. दार उघडं आहे. ब्रेकचं तेल कमी आहे. मागच्या ब्रेकमध्ये बिघाड आहे, गाडी चालवू नका. समोर काहीतरी धडकलं आहे. मागच्या टायरमध्ये हवा नाही. पहिला निरोप आला तेव्हा तिने बाबांना फोन केला होता आणि बाबा गाडी पुसत होते. शेवटचा आला तेव्हा आईला केला होता, आई शेंगा सोलत होती.

"टायरचा आला तेव्हा मी टॅक्सीत मोठ्याने हसले," लेक म्हणाली. "मग रडू आलं. गाडी न्यायला ट्रक बोलावलाय, तो मघापासून कोपऱ्यावर उभा आहे. मला फक्त बघायचं होतं, तुमच्यापैकी कुणी सांगतंय का." तिने फोन खिशात टाकला. "पोरीचा पट्टा लागेपर्यंत थांबावं लागेल असं नव्हतं वाटलं, आई."

बाबांना ती काहीच बोलली नाही. बोलली ती आईलाच. काकूंना ते बरोबरच वाटलं, आणि म्हणूनच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

काका आपल्या उघड्या कोपराकडे बघत उभे होते. ट्रक गेटातून आत आला, धाकटीला साखळी लागली, ती उलटी उलटी वर चढली. ती दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले, "चुकलं." कुणाला म्हणाले ते कळलं नाही, पण काकूंनी ते पूर्वी कधी ऐकलेलं नसल्यामुळे त्या वळून बघायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात गाडी दुरुस्त होऊन आली. काका स्वतः गॅरेजमध्ये जाऊन उभे राहून बघून आले होते. घरी येऊन म्हणाले, "तिथे पेडल दाबायला माणूसच लागत नाही गं. वायर जोडतात, कॉम्प्युटर काय ते बघतो." काकूंना मनातून जरा वाईट वाटलं. शेंगा घेऊन त्या खिडकीत बसल्या.

राहिला चिमणीला शाळेतून आणायचा प्रश्न. लेक त्या दिवशी जेवायला आली होती, तिने तो विषय काढलाच नाही. काकांनीही काढला नाही. ते रोज दाढी करत होते, पण सावकाश. शेवटी काकू पान वाढता वाढता म्हणाल्या, "मी आणीन तिला."

लेकीला वाटलं चालत. काकू म्हणाल्या, चालत नव्हे, गाडीने.

"आई, तुला गाडी कुठे येते?"

"ब्रेक येतो," काकू म्हणाल्या. "चांगला येतो. बाकीचं शिकव."

लेकीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. काका ताटातलं काहीतरी फार लक्ष देऊन बघत होते. "येतो तिला," ते ताटालाच म्हणाले. "तिच्या पायाला कळतं."

शिकवणारी बाई कडक होती. बाकी सगळं काकूंना उशिरा आलं. स्टिअरिंग त्या पोळपाट धरावा तसं घट्ट धरायच्या, आरशात बघायचं विसरायच्या, आणि गाडी मागे घ्यायला शिकण्यात एक अख्खा ऋतू गेला; तोवर चिमणी शाळेच्या बसने येत होती. पण ब्रेक त्यांनी पहिल्या दिवसापासून असा मारला की पुढे ठेवलेल्या भांड्यातलं पाणी हिंदकळणार नाही. बाईने विचारलं, हे कुठे शिकलात? काकू म्हणाल्या, उभ्या गाडीत.

आता त्या दुपारी चिमणीला आणायला जातात. काका शेजारी बसतात, आखूड बाहीची डांगरी घालून, कारण वाटेत काही लागलं तर. काही लागत नाही. पट्टा ते सगळ्यांच्या आधी लावतात. चौकात गाडी वळली, समोरून कुणी आलं, सिग्नल पिवळा झाला, की त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर गच्च दाबला जातो आणि तसाच राहतो, चौक मागे पडला तरी.

काकू रस्त्यावरची नजर काढत नाहीत. नुसतं हळूच म्हणतात, "अहो, सोडा आता."

आणि काका सोडतात.